न वाचता केलेली निंदणी

साहेब फाइल उघडत नसत. ते फाइल वाजवत.

स्टीलची एक फूटपट्टी त्यांच्या पँटच्या मागच्या खिशात कायम खोचलेली असायची, अर्धी आत, अर्धी बाहेर. शिपाई रॅकवरून कापडात बांधलेला गठ्ठा उतरवून टेबलावर ठेवायचा. साहेब दोन पावलं मागे सरायचे, नाकावर रुमाल धरायचे आणि गठ्ठ्यावर पट्टीचा सपकन एक फटका मारायचे. धूळ उडायची. ती किती वर जाते ते मान तिरकी करून बघायचे.

"दोन वीत," म्हणायचे. "मेलाय हा. पुढचा घ्या."

सरकारी कागदांची अशी नाडी बघणारे हे गृहस्थ सहा वर्षं आमच्या ऑफिसचे रेकॉर्ड अधिकारी होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ऑफिसचं नाव सांगत नाही. चिंचवड स्टेशनपासून चालत जाता येतं, आणि पार चाकणपर्यंतच्या कारखान्यांची तपासणी करणं, अपघात झाला तर चौकशी करणं हे आमचं काम, एवढं कळलं तरी पुरे. या पट्ट्यात कुणाचा हात कुठल्या मशीनमध्ये गेला, कुठला बॉयलर फुटला, कुणाच्या अंगावर क्रेनचा हुक पडला, त्याचा कागद फिरून फिरून शेवटी आमच्याकडे यायचा. त्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते नष्ट करायचे, हे साहेब ठरवायचे. पट्टीने.

मी बोलका माणूस नाही. पुढे जे सांगणार आहे ते बायकोलासुद्धा दोन वर्षं सांगितलं नव्हतं. साहेबांबद्दल मी वाईटच लिहिणार, कारण ते त्याच लायकीचे होते. पण ते लिहून झालं की मलाही स्वतःकडे वळावं लागेल, हे ठाऊक असूनच बसलोय.

सरकारी कागदाला वर्ग असतो. 'अ' म्हणजे कायमचा. 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' एक वर्ष आणि मग रद्दी. कुठला कागद कुठल्या वर्गात जातो याची नियमावली आहे, आणि ती चांगली आहे. कुणीतरी डोकं लावून केलेली आहे. साहेबांनी तिच्यातली चार अक्षरं तेवढी उचलली आणि आख्ख्या दुनियेला लावली. कॅन्टीनची मिसळ 'ड'. बायकोच्या हातचं लिंबाचं लोणचं 'ब'. लग्नाची पत्रिका आली की कोपऱ्यात पेन्सिलीने 'ड' लिहून परत पाकिटात घालायचे, देणारा समोर उभा असला तरी. आमच्या हिशेब शाखेतल्या एका बाईंची आई गेली. त्या बाराव्या दिवसानंतर कामावर आल्या तेव्हा साहेब मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, आत्ता हे दुःख 'अ' वाटेल. तुम्ही 'क'मध्ये टाका. दहा वर्षांत आपोआप निकाली निघतं."

बाई उठून बाहेर गेल्या. साहेबांना वाटलं, त्या सावरायला गेल्या.

माणसांचेही वर्ग होते. मला एकदा आपण होऊन सांगितलं, "तुम्ही 'क'. दहा वर्षं नीट चालाल, मग तुमच्यात काही राहायचं नाही." मी हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. 'ड' नाही म्हणाले!

स्वतः ते अर्थात 'अ'. त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा होता आणि त्यावर पट्टी कधी पडली नाही. त्यात त्यांना आलेली कौतुकाची पत्रं, त्यांनी दिलेल्या भाषणांच्या प्रती, एका शाळेने प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं त्याची आमंत्रणपत्रिका, आणि त्या शाळेने नंतर आभार मानले नाहीत म्हणून त्यांनी शाळेला पाठवलेलं स्मरणपत्र. पावसाळ्यात रेकॉर्ड रूमच्या छतातून पाणी टपकायचं तेव्हा ताडपत्री सगळ्यात आधी या कपाटावर जायची. केबिनमध्ये पाणी टपकत नव्हतं, तरीही.

त्यांचं एक ब्रीद होतं: वाचायचं नाही. "वाचलं की मोह होतो," म्हणायचे. "मोह झाला की कागद राहतो. कागद राहिला की वाळवी येते. मी तीस वर्षांत दुसरं पान उलटलेलं नाही." हे ते अशा आवाजात सांगायचे, जसं एखाद्याने आयुष्यात दारूला शिवलो नाही म्हणून सांगावं.

कागद नष्ट करण्याच्या कामाला सरकारी भाषेत निंदणीकरण म्हणतात. शेतातलं तण काढावं तसं. साहेबांना हा शब्द फार आवडायचा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेला माणूस, खुरपं हातात कसं धरतात ते ठाऊक नाही, पण आल्या-गेल्याला सांगायचे, "मी निंदतोय. पीक मोकळं करतोय." आमचे शिपाई मामा चिंचवड गावठाणातले, त्यांच्या वडलांची जमीन कारखान्यात गेलेली. ते एकदा गठ्ठा उतरवता उतरवता म्हणाले, "साहेब, निंदायच्या आधी पीक कंचं आन् तण कंचं ते वळखाया लागतंय. त्यापायी वाकावं लागतंय."

"मामा, तुम्ही उचला फक्त."

"उचलतोय की. मी कुठं न्हाई म्हणतोय. तुमी हाना पट्टी."

मामा असं काहीबाही बोलायचे आणि त्यांचं काही वाकडं व्हायचं नाही. आम्ही कारकून मात्र गप्प. 'क' वर्ग.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिली पाहिजे. साहेब पैसे खात नव्हते. कुठल्या कंपनीच्या माणसाचा चहासुद्धा घेत नसत, दिवाळीची मिठाई फाटकातून परत पाठवायचे. पण मला पुढे पुढे वाटायला लागलं की ते खाणारे असते तर बरं झालं असतं. कुणीतरी फाइल नष्ट करायला पैसे दिले असते, तर दुसऱ्या कुणी ती ठेवायला दिले असते. निदान कुणीतरी ती उघडून बघितली असती. साहेब चोख होते, म्हणून त्यांना कुणी अडवू शकलं नाही. चोख माणसाने केलेला मूर्खपणा फाइलवर बघायला फार नीटनेटका दिसतो.

मग वरच्या ऑफिसने स्वच्छ कार्यालयाची स्पर्धा लावली आणि साहेबांच्या अंगात आलं.

वर्षभरात रेकॉर्ड रूमचे अर्धे रॅक रिकामे झाले. त्या जागेत साहेबांनी 'प्रसन्न कक्ष' केला. चार प्लॅस्टिकच्या कुंड्या, सतरंज्या, विजेवर चालणारं छोटं कारंजं, आणि भिंतीवर रंगवून घेतलेलं त्यांचंच वाक्य: 'हलके कार्यालय, हलके मन'. पाहणीला येणाऱ्या समितीसमोर आम्हाला सतरंजीवर डोळे मिटून बसवलं. मी डोळे मिटले होते. वरच्या रॅकमागे वाळवी भिंत पोखरत असल्याचा बारीक आवाज येत होता आणि शेजारी मामा पुटपुटत होते, "कारंज्याचं पानी रेकाडात गेलं म्हंजी एकदाचं सुटलो." ढाल आम्हाला मिळाली. ती साहेबांच्या लाल गठ्ठ्यात मावली नाही, म्हणून कपाटावर ठेवली.

आता मागणी रजिस्टर. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आलं.

जुना कागद कुणी मागायला आला की खिडकीवर अर्ज घ्यायचा, त्यावर आवक शिक्का मारायचा आणि मागणी रजिस्टरमध्ये नोंद करायची. नोंद झाली की ती फाइल सात दिवसांत शोधून द्यायची. खिडकीवर मी. शोधायचं म्हणजे शिडी लावून धुळीत चढायचं, दोन-दोन दिवस गठ्ठे सोडायचे, आणि एवढं करून सापडली नाही तर साहेबांचा मेमो. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली होती. माझ्या आधीच्या कारकुनाने ती मला चार्जबरोबर दिली, किल्ल्यांसारखी. आलेल्या माणसाला तोंडी वाटेला लावायचं. साहेब रजेवर आहेत. रेकॉर्ड हलवणं चालू आहे. पुढच्या महिन्यात या. माणूस दोनदा येतो, तीनदा येतो, मग येत नाही. रजिस्टरात नोंद नाही, म्हणजे काम नाही. माझं मागणी रजिस्टर तीन वर्षं जवळजवळ कोरं होतं आणि त्याबद्दल मला कुणी कधी रागावलं नाही.

साहेबांनी निंदणीसाठी जो एकमेव शहाणपणाचा नियम केला होता तो असा: पट्टीने मेलेला ठरवलेला गठ्ठा नष्ट करण्याआधी मागणी रजिस्टर बघायचं. कुणी त्यातली फाइल मागितलेली असेल तर ती बाजूला काढायची. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणाची फाइल मुदत संपली तरी नष्ट करता येत नाही, आणि प्रकरण कोर्टात आहे हे ऑफिसला कळायचं एकच दार होतं, ते रजिस्टर. त्या दारावर मी बसलो होतो.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. हिंजवडीत नोकरी, मारुंजीत दोन मैत्रिणींबरोबर खोली भाड्याने, आईवडील देहूरोडला. हे तिने मला न विचारता सांगितलं, कारण अर्धी सुट्टी टाकून आली होती आणि मी लवकर काम करावं असं तिला वाटत होतं.

"काका, माझे पप्पा पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते," ती म्हणाली. "मी सातवीत असताना त्यांचा हात गेला. उजवा. अंगठा राहिला फक्त. तुमच्या इथले तपासनीस तेव्हा कंपनीत येऊन गेले होते. त्यांचा रिपोर्ट पाहिजे."

"कशाला?"

"कंपनी म्हणते, प्रेसची जाळी पप्पांनीच काढली. लवकर काम उरकायला. स्वतः जाळी काढली असेल तर भरपाई नाही, असा कायदा आहे ना. खालच्या कोर्टात आम्ही हरलो. आता अपील आहे. नवीन वकील म्हणतात, जाळी कुणी काढली ते त्या रिपोर्टमध्ये असणार."

"तपासनिसांनाच भेटा."

"ते वारले, काका. चौकशी केली मी."

तिने अर्ज टाइप करून आणला होता. फाइलचा क्रमांकसुद्धा कुठून तरी मिळवलेला होता. असा तयार अर्ज वर्षात एखादा येतो. शिक्का माझ्या हाताशी होता. मी म्हणालो, "ठेवा. आवक करून घेतो." आणि ती गेल्यावर अर्ज टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. का टाकला? काही कारण नाही. तिचा राग नव्हता, कंपनीने मला काही दिलं नव्हतं. पावणेदोन वाजले होते आणि मला जेवायचं होतं.

ती आणखी तीनदा आली. दुसऱ्या वेळी साहेब रजेवर होते, म्हणजे मी तसं सांगितलं. तिसऱ्या वेळी रेकॉर्ड हलवणं चालू होतं. चौथ्या वेळी ती जरा चढ्या आवाजात म्हणाली, "काका, मला दर वेळी अर्धा दिवस टाकावा लागतो हो. पप्पा रोज विचारतात. ते आता काय म्हणायला लागलेत माहितीये? म्हणतात, कदाचित मीच काढली असेल जाळी. मला आठवत नाही."

"मिळेल," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात तो रॅक साहेबांच्या पट्टीखाली आला.

यादी करायला मी होतो. अपघात चौकशीच्या फाइली, दहा वर्षं उलटलेल्या, 'क' वर्ग, मुदत पूर्ण. साहेबांनी गठ्ठे वाजवले, सगळे मेले. मग नियमाप्रमाणे मला विचारलं, "यातल्या कशाची मागणी आहे?"

मी रजिस्टर त्यांच्यासमोर धरलं. "नाही साहेब. कोरं आहे."

"बघा," ते खूश होऊन म्हणाले. "दहा वर्षं जपलं, कुणी ढुंकून बघत नाही. लोक उगाच रडतात." आणि यादीच्या पानापानावर सही केली. सही मोठी, शेवटी दोन ठिपके.

आमची रद्दी विकली जात नाही. चाकणला पुठ्ठ्याचा एक कारखाना आहे, तिथे नेऊन डोळ्यांदेखत लगदा करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. टेम्पोतून मी, मामा आणि साहेब गेलो. साहेबांनी त्या दिवशी नवा सफारी घातला होता. लगद्याचं भलंमोठं गोल टाकं, आत पातं गरगरतंय, राखाडी पाणी. साहेबांनी टाक्यासमोर नारळ फोडला. हो, नारळ. उदबत्ती लावली. कारखान्याचे कामगार हात पुसत बघायला गोळा झाले, तर त्यांच्यापुढे भाषण केलं, की कागदाला मुक्ती देणं हे पुण्याचं काम आहे.

"काय भाऊ, कुणाचं हाय?" एका कामगाराने मामांना हळूच विचारलं. त्याला कुणाची तरी राख वाटली असावी.

"तुमचंच," मामा म्हणाले. "तुमच्यातल्यांचंच हाय समदं."

यादीवर खुणा करत एकेक फाइल मी मामांकडे द्यायचो आणि मामा टाक्यात सोडायचे. निम्म्यावर आल्यावर तो क्रमांक आला. अर्जावर चार वेळा बघितलेला क्रमांक, लगेच ओळखला. साहेब कारखान्याच्या मॅनेजरला कारंज्याचं सांगत होते. मी फाइल उघडली आणि दुसरं पान उलटलं.

तपासनिसांचं अक्षर छान होतं. लिहिलं होतं, की प्रेसची संरक्षक जाळी अपघाताच्या दोन दिवस आधी देखभाल विभागाने उतरवली. ती रंगाच्या शेडमध्ये टांगलेली प्रत्यक्ष पाहिली. जाळीशिवाय प्रेस चालू ठेवण्याची तोंडी सूचना सुपरवायझरने दिल्याचे दोघा कामगारांनी सांगितले. आणि शेवटी: जाळीचे बोल्ट सोडवण्याचा पाना ऑपरेटरकडे नसतो, तो देखभाल विभागाच्या कपाटात कुलपात असतो.

मला फाइल टेम्पोच्या सीटवर ठेवता आली असती. साहेबांना सांगता आलं असतं, ही कोर्टातली आहे, चुकून आली. त्यावर त्यांनी एकच विचारलं असतं: तुम्हाला कसं कळलं? मग तो अर्ज निघाला असता, त्यावर शिक्का नाही हे निघालं असतं, चार हेलपाटे निघाले असते. मला मेमो मिळाला असता. मेमो. एका कागदाच्या भीतीने मी दुसरा कागद मामांच्या हातात दिला.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "ह्यो वाचलाय तुमी."

"टाका मामा."

"बघा बरं."

"टाका म्हटलं ना."

साहेब न वाचता नष्ट करायचे. मी वाचून केलं. त्यांच्यावर एवढी पानं खरडल्यावर हे एक वाक्य लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या आहेत.

पुढचं सोपं होतं, म्हणजे ऑफिसला सोपं होतं. मुलीने शेवटी कंटाळून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. तो रजिस्टरात आला, कारण त्याला टाळता येत नाही. उत्तराचा मसुदा माझ्याकडेच होता: 'सदर अभिलेख विहित मुदतीनंतर नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे.' सोबत नष्ट केलेल्या फाइलींच्या यादीचं ते पान जोडलं. कागद नष्ट होतात, पण त्यांची यादी 'अ' वर्गात असते, कायमची. साहेबांची दोन ठिपक्यांची सही त्यामुळे तिच्या घरी जाऊन पोचली. ती पुन्हा खिडकीवर आली नाही. मी महिनाभर दाराकडे बघत होतो, यावी म्हणून की येऊ नये म्हणून ते मलाच सांगता येणार नाही.

साहेब निवृत्त झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. चिंचवडमध्येच सोसायटीत फ्लॅट. दोन वर्षं पोटात ठेवलेलं आदल्या रात्री बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? मी काय करू ह्याचं? ज्यांचं आहे त्यांना सांगा." पण माझी हिंमत मधल्या पायरीपर्यंतच होती. वाटलं, साहेबांनी लिहून दिलं की घाईत कोर्टातली फाइल नष्ट झाली, तर दोघांच्या चुकीत माझी चूक जरा लहान दिसेल.

साहेबांनी बैठकीच्या खोलीतला सोफा काढून तिथे ते लोखंडी कपाट ठेवलं होतं. लाल गठ्ठ्याचे आता चार गठ्ठे झाले होते. निरोप समारंभाचे फोटो, भाषण, हारवाल्याची पावती.

मी सगळं सांगितलं. अर्जाचं, ड्रॉवरचं, टाक्यावरचं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, हादरले.

"तुम्ही दुसरं पान उलटलंत?" ते म्हणाले.

"हो."

"कारकुनाला तो अधिकार नाही."

"साहेब, त्या माणसाचा हात गेलाय. जाळी त्याने काढली नव्हती."

"कशावरून? कागद दाखवा."

"कागद आपण लगद्यात घातला."

"मग संपलं. नष्ट झालेल्या कागदात काय होतं हे कुणी सांगू शकत नाही. तसं सांगता यायला लागलं, तर निंदणीचा उपयोग काय?" हे ते मला समजावून सांगत होते. आवाजात राग नव्हता, उलट थोडी माया होती. "आणि मी विचारलं होतं तुम्हाला. रजिस्टर कोरं होतं. माझ्याकडून प्रक्रिया पूर्ण आहे."

हे खरं होतं, आणि या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं. उठताना त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्यांनी कपाट उघडून ढालीचा फोटो काढला, त्यात मागच्या रांगेत डोळे मिटून बसलेला मी होतो. "तुमची प्रत," म्हणाले. "जपून ठेवा. 'अ'मध्ये." मी तो जिन्यातच फाडला. माझ्या हातून नष्ट झालेल्या कागदांपैकी ज्याचं मला काही वाटत नाही असा तो एकच.

पुढच्या रविवारी देहूरोडला गेलो. पत्ता अर्जावर होता. तो अर्ज अजून माझ्याकडे होता, तो बरोबर घेतला.

दोन खोल्यांचं घर, शोकेसमध्ये पांढरी बुद्धमूर्ती आणि मुलीच्या पदवीचा फोटो. मुलगी रविवार म्हणून घरी होती. तिने दार उघडलं आणि मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही. वडील खाटेवर बसले होते. घड्याळ उजव्या मनगटात बांधलेलं, कारण पट्टा लावायला डावाच हात चालतो. आई आत भाजी निवडत होती. तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या तेव्हा कळलं, तीही ऐकतेय.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही. अर्ज टीपॉयवर ठेवला. मुलीने तो उचलून उलटसुलट करून बघितला.

"शिक्का नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे मी आलेच नव्हते."

तिने अर्ज परत टीपॉयवर ठेवला.

"चार वेळा आले मी! काका काका करत होते तुम्हाला." ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. लॅपटॉप काढून टीपॉयवर ठेवला. "हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्याल? यादीत फाइल होती हे माझ्याकडे लेखी आहे. आत काय होतं ते सांगणारे तुम्ही एकटे आहात. कोर्टात उभे राहाल?"

"त्यासाठीच आलोय."

"चौकशी लागेल तुमच्यामागे. नोकरी, पेन्शन, सगळं. वकील विचारतील, म्हणून आधीच सांगते. नंतर आजारी पडू नका."

"लागू दे."

"लागू देच," ती म्हणाली आणि टाइप करायला बसली. चहाचं तिने विचारलं नाही. का विचारावं?

वडील इतका वेळ जमिनीकडे बघत होते. आता त्यांनी मला जवळ बोलावलं, खाटेवर बस म्हणून खुणावलं.

"जाळीचं काय लिवलं व्हतं?" त्यांनी विचारलं. "कोर्टाचं ऱ्हाऊ द्या. तेवढं सांगा."

मी सांगितलं. दोन दिवस आधी. रंगाची शेड. सुपरवायझर. आणि पाना ऑपरेटरकडे नसतो, तो कुलपात असतो, असं शेवटी लिहिलं होतं, तेही.

"पाना," ते म्हणाले. अंगठा राहिलेल्या हाताकडे त्यांनी बघितलं. "आरं व्हय की. पाना आमच्याकडं नसायचाच. मेंटेनन्सवाल्याला हाळी मारायला लागायची. पाना नसताना मी कशी काढीन?"

मग मान वळवून आतल्या खोलीकडे मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का गं? जाळी मी न्हवती काढली."

बायको हातातली मेथीची जुडी तशीच घेऊन दारात आली. "आवं, मी कवा म्हनले तुमी काढली?"

"तू न्हाई म्हनलीस," ते म्हणाले. "मीच म्हनत व्हतो."